अमृत कोकमाचा इंग्रजी पत्रव्यवहार

श्रीपतराव आठल्यांना इंग्रजी पत्र लिहिता येतं, याबद्दल रत्नागिरीतल्या झाडगावच्या त्यांच्या आळीत कुणालाच शंका नव्हती. आळीच्या तोंडावरचा विजेचा खांब त्यांच्याच पत्राने हलला होता. हलून तो आठल्यांच्या फाटकाच्या ऐन मध्यावर आला आणि तेव्हापासून त्या घरात मोठं कपाट म्हणून शिरू शकलं नाही, ही गोष्ट वेगळी. खांब हलला, हे महत्त्वाचं. सरकारी कचेरीतल्या जावक विभागात अख्खी नोकरी काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने आणखी काय करून दाखवायचं?

त्यामुळे दोन हजार एक सालच्या माघात, गणेशजयंतीचं आवरून झाल्यावर, उल्काताई सहज म्हणाल्या, "अहो, एक इंग्रजी पत्र हवं होतं," तेव्हा श्रीपतराव सोवळ्यानेच टेबलाकडे निघाले. आधी जेवून घ्या, मग कंपनीला लिहा, असं म्हणून उल्काताईंनीच त्यांना पाटावर बसवलं.

पत्र कोकमाचं होतं. आधल्या वैशाखात उल्काताई, त्यांची पलीकडच्या घरातली मैत्रीण गुणवंती आणि आळीतल्या आणखी दोघीचौघी मिळून अमृत कोकम करायला बसल्या होत्या. दरवर्षी करतात तसंच, घरापुरतं नि देवळातल्या उत्सवापुरतं. पण गुणवंतीचा भाचा उन्मेष लोट्याला एका केमिकल कंपनीत होता. तो सुट्टीवर आला, दोन पेले कोकम प्यायला आणि म्हणाला की आमच्या कँटीनला उन्हाळाभर असलं काहीतरी हवंच आहे, तुम्ही करून ठेवा, बाकीचं मी बघतो. बायकांनी करून ठेवलं. उन्मेषचं बाकीचं बाकीच राहिलं.

आता आठल्यांच्या घरात माळ्यावर बरण्या, कॉटखाली बरण्या, आणि देवघराच्या दाराशी तर अशी भिंत लागली होती की उल्काताईंना पूजेला तिरकं बसावं लागे. देवाला आणि त्यांना एकमेकांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची सवय झाली होती. हे कोकम उन्हाळ्यात गेलं नाही तर यंदाच्या फळांना बरण्या नव्हत्या. आणि पहिल्यांदाच चूल सोडून काही करायला निघालेल्या त्या बायका पुन्हा निघणार नव्हत्या. गुणवंतीची सासू तर 'हौस फिटली का गो?' हे विचारण्यासाठी तोंड अर्धं उघडूनच बसली होती.

अखेर उन्मेषने निरोप आणला. खरेदी बघायला हेतल मेहता नावाची नवी बाई आली आहे, तिने लेखी मागितलंय. वरचे मॅनेजरसाहेब दूर दक्षिणेकडचे, ते इंग्रजीखेरीज काही वाचत नाहीत, तेव्हा रीतसर पत्र पाठवा.

पण अडचण पहिल्याच ओळीला आली. श्रीपतरावांनी फुलस्केपला समास पाडला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "ही कंपनी आपल्या वरची की खालची?"

"वरची खालची म्हणजे? लोट्याला आहे," उल्काताई म्हणाल्या. "खेडच्या अलीकडे."

श्रीपतरावांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या मते इंग्रजी ही भाषा दोनच दिशांनी जाते. खालून वर जाते तेव्हा ती हात जोडून, वाकून, एकेक पायरीवर थांबत जिना चढते. वरून खाली येते तेव्हा धाडधाड उतरते आणि खुलासा मागते. साहेबाला लिहायचं इंग्रजी निराळं आणि हाताखालच्याला लिहायचं निराळं. शेजारच्या टेबलावरच्या माणसासाठी इंग्रजी नसतंच. त्याला हाक मारतात. म्हणून आधी पायरी ठरवायची आणि मग मजकूर.

आपण मागतोय, त्याअर्थी आपण खालचे, असा निकाल त्यांनी दिला. उल्काताई हळूच म्हणाल्या की आपण मागतोय कुठे, देतोय ना कोकम? पण तोवर श्रीपतरावांचं पेन जिना चढायला लागलं होतं.

ते पत्र 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन'ने सुरू झालं. पहिल्या परिच्छेदात कंपनीचा अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागितली होती. दुसऱ्यात त्या क्षमेचं कारण लवकरच सांगण्यात येईल असं आश्वासन होतं. तिसऱ्यात बायका आल्या. त्या 'पुअर लेडीज ऑफ द लोकॅलिटी' अशा आल्या, कारण नम्र अर्जात माणूस गरीब असावा लागतो. या महिलांना दुसरा कोणताही आधार नाही, हेही श्रीपतरावांनी वळणदार अक्षरात लिहिलं, आणि त्यातल्या एकीचा आधार म्हणून आपण स्वतः पेन्शन घेऊन खुर्चीत बसलो आहोत हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. शेवटी कंपनीने आईबापाच्या मायेने कृपादृष्टी टाकावी, 'फॉर विच ॲक्ट ऑफ काइंडनेस द अंडरसाइन्ड शॅल एव्हर प्रे.' इतकं शरण एखादी बाई सोळा सोमवारांत गेली असती, तर तिसऱ्याच सोमवारी शंकर दारात उभा राहिला असता. कंपनीचं तसं नसतं.

पत्र तपासायला शेजारचे दाजी पोंक्षे आले. दाजी मुंबईला एका आगबोटीच्या कचेरीत होते, त्यामुळे त्यांचं इंग्रजी समुद्रापलीकडे जाऊन आलेलं आहे असा त्यांचा स्वतःचा समज होता. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, फार उंच झालंय म्हणाले, आणि मग विचारलं की यात कोकम कुठे आहे. कोकम नव्हतं. श्रीपतरावांनी न डगमगता समासात एक ओळ घातली की कोकमाच्या विषयाचाही सहानुभूतीने विचार व्हावा.

दाजींचं दुसरं म्हणणं असं की लेटरहेडशिवाय कंपनी पाकीटही फोडत नाही. म्हणून 'कुलस्वामिनी गृहोद्योग' या नावाचे कागद छापून घेतले. डावीकडे देवी आली, उजवीकडे कोकमाचं फळ यायचं होतं. छापखान्यात कोकमाचा ठसा नव्हता, म्हणून त्यांनी टोमॅटो लावला. गुणवंती म्हणाली, "असूं दे गो, देवीला कळतंय." पाकिटाला हळदकुंकू लावून, अमावास्या टळल्यावर, पत्र पेटीत पडलं.

उत्तर उन्मेषच घेऊन आला, आणि पाठीवर एक गठ्ठाही. पत्र खरेदीकडे गेलंच नव्हतं. उघडणाऱ्याने पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि कल्याण निधीकडे धाडून दिलं. निधीने कळवलं होतं की आपल्या परिस्थितीबद्दल आम्हांला मनापासून सहानुभूती आहे, सोबत अल्पशी मदत स्वीकारावी. गठ्ठ्यात ब्लँकेटं होती. जाड, करडी, टोचरी ब्लँकेटं, आणि तीही रत्नागिरीत, चैत्र तोंडावर आलेला असताना. नुसतं बघूनच ओटीवरच्या सगळ्यांना घाम फुटला.

गुणवंतीच्या सासूला हे कळायला आळीची लांबीसुद्धा लागली नाही. पण जे विचारायला ती टपून बसली होती ते तिने विचारलंच नाही. तिने नुसतं एक ब्लँकेट चाचपलं आणि म्हणाली, "चांगलीशी दिलीनीत हो." गुणवंती त्या दिवशी आठल्यांकडे आलीच नाही.

उल्काताईंनी एवढंच विचारलं, "अहो, तुम्ही नक्की काय लिहिलं होतंत?" श्रीपतरावांनी एकेक वाक्य समजावून सांगितलं. प्रत्येक वाक्य बिनचूक होतं. उल्काताईंची संकष्टी होती. चंद्रोदयानंतर नैवेद्य दाखवून त्या मुकाट्याने जेवल्या. श्रीपतरावांनी दुसरा मोदक मागितला नाही. इतकी वर्षं संसार झाल्यावर माणसाला कुठल्या रात्री दुसरा मोदक मागू नये हे कळायला लागतं.

हेडक्लार्क दुखावला गेला होता. त्याचं पत्र परत आलं असतं, त्यावर शेरा पडला असता, तर त्याने सहन केलं असतं. पण त्याच्या पत्रावर ब्लँकेट पडलं होतं. दाजींनी त्यावर आपलं मत दिलं की तुम्ही इतके वाकलात, त्यांना वाटलं थंडी वाजत्येय. आता ताठ लिहा. आणि टोमॅटोचा कागद वापरू नका, टोमॅटोने जरब बसत नाही. एवढं बोलून त्यांनी आपल्या आंब्याच्या पेट्या झाकायला एक ब्लँकेट नेलं.

श्रीपतरावांनी दुसरं पत्र उल्काताईंना न दाखवता लिहिलं. ते जिन्याच्या वरच्या टोकापासून निघालं. कोऱ्या फुलस्केपवर, डोक्याला जावक क्रमांक, विषय, संदर्भ, सगळं जिथल्या तिथे. विषय असा की उन्हाळ्यात कामगारांना शीतपेय पुरवण्याबाबत आढळून आलेली हयगय. खाली 'यू आर हिअरबाय कॉल्ड अपॉन टु एक्सप्लेन' असं खडसावून, मुदतीत समाधानकारक खुलासा न आल्यास 'द अंडरसाइन्ड शॅल बी कन्स्ट्रेन्ड' अशी तंबी देऊन, प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सर्व संबंधितांना, असा शेवट केला. संबंधित कोण हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, कुणीतरी असतातच. सहीवर गृहोद्योगाचा गोल शिक्का मारला. शाई जास्त झाली, त्यात कुलस्वामिनी बुडाली आणि नुसता एक भारदस्त जांभळा गोळा उरला. पत्र रजिस्टरने गेलं. घरी येताना श्रीपतराव बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होते.

एकादशीला दुपारी आळीत जीप शिरली. ती विजेच्या खांबाशी थांबली, कारण पुढे जाणं शक्यच नव्हतं. त्यातून जाडजूड फायली छातीशी धरलेले एक घामाघूम गृहस्थ उतरले, ते मॅनेजरसाहेब. मागून एक तरतरीत तरुण बाई, ती हेतल मेहता. आणि सर्वांत शेवटी उन्मेष, चेहरा पडलेला, वाट दाखवण्यापुरता पकडून आणलेला. साहेबांनी फाटकातूनच इंग्रजीत विचारलं की 'अंडरसाइन्ड' घरी आहेत का.

अंडरसाइन्ड त्या वेळी बनियनवर, शिडीवर उभे राहून माळ्यावरच्या बरण्यांच्या तोंडची फडक्याची दादरं बदलत होते. त्यांनी खुंटीवरचा शर्ट अंगात घातला, बटणं एकेका घराने चुकवली आणि बाहेर आले.

पुढचा प्रकार दाजींनी स्वतःच्या ओटीवरून पाहिला. मॅनेजरसाहेबांनी वाकून 'सर' म्हटलं. साहेब म्हटल्यावर जन्माच्या सवयीने श्रीपतराव त्याहून खाली वाकले नि त्यांनीही 'सर' म्हटलं. साहेबांना वाटलं, सरकारी माणूस एवढा वाकतो म्हणजे काहीतरी भयंकर निघालंय. ते आणखी वाकले. बसायचं कुणी आधी, यावर दोघांचं होईना. साहेबांनी उभ्यानेच फायली उघडल्या. परवाने, दाखले, कँटीनच्या पाण्याचा तपासणी अहवाल, आचाऱ्याच्या नखांचं डॉक्टरी प्रमाणपत्र. त्या जांभळ्या गोळ्याचं कचेरीतल्या कुणालाच काही वाचता आलं नव्हतं, आणि वाचता न येणारा शिक्का नेहमी मोठ्या ठिकाणचा असतो, असं ठरवून ते भल्या सकाळी निघाले होते. हातखंब्याला चहालाही थांबले नव्हते.

श्रीपतरावांना उन्हात उभ्याउभ्या काय झालंय ते हळूहळू उमगलं. पण हे सांगणार कुठल्या इंग्रजीत? त्यांच्याजवळ दोनच होती, आणि दोन्ही वापरून झाली होती.

उल्काताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माणसं उन्हातून आली आहेत एवढंच त्यांनी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि त्या ताटात पेले घेऊन आल्या. हेतलने एक पेला संपवला, दुसरा मागून घेतला, आणि मग तिची नजर घरभर फिरली. कॉटखाली, माळ्यावर, देवघराच्या दारापर्यंत. तिने पर्समधून कल्याण निधीकडून मागवून घेतलेलं पहिलं पत्र काढलं, साहेबांच्या हातातलं दुसरं घेतलं, दोन्ही अक्षरं शेजारी धरून पाहिली आणि ओठ दाबले. मग तिने साहेबांना इंग्रजीत चार शब्द सांगितले.

साहेब बसले. इतका वेळ घाबरलेला माणूस घाबरण्याचं कारण नव्हतं असं कळल्यावर जितका रागावतो तितके ते रागावले. त्यांनी सांगितलं आणि हेतलने मराठीत पोचवलं की मुळात हे शक्यच नाही. तुमचं नाव मदत घेणाऱ्यांच्या वहीत चढलंय, आणि मदत घेणाऱ्याकडून कंपनी माल घेत नाही, तसा नियम आहे. शिवाय धमकीचं पत्र आवकला नोंदलं गेलंय, त्याचं काय करायचं ते वकील बघतील. त्यांनी फायली गोळा केल्या.

तेवढ्यात गुणवंती मागल्या दाराने येऊन चौकटीशी उभी राहिली होती. तिच्याकडे पाहून उल्काताई पुढे झाल्या. कहाणी सांगावी तितक्याच हळू आवाजात त्या बोलल्या.

"साहेब, पांघरुणं आम्ही मागितली नव्हती. धाकही आम्ही घातला नाही. आम्ही कोकम केलंय. ते चांगलं आहे की वाईट, एवढंच सांगा."

हेतलने ते इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत ते आणखीच लहान झालं. साहेबांनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं. तो रिकामा होता, आणि तो कधी रिकामा झाला ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. तो ताटात ठेवून ते म्हणाले, मग हेच का नाही लिहिलंत?

श्रीपतराव विजेच्या खांबाकडे बघायला लागले.

नियमाची वाट हेतलने काढली. ब्लँकेटं आजच परत करायची, म्हणजे वहीतलं नाव खोडता येईल. लगेच गठ्ठा आला. एक कमी भरलं, तेव्हा दाजी आपल्या ओटीवरून खाली मान घालून ते घेऊन आले. त्याला पिकत घातलेल्या हापूसचा असा वास मारत होता की साहेबांनी तेच वर ठेवायला सांगितलं. आणि आधीच्या दोन्ही पत्रांच्या जागी एक नवं पत्र द्यायचं, आत्ताच, इथेच.

श्रीपतरावांचा हात खिशाकडे गेला. पण हेतलने आपलं पेन उल्काताईंपुढे धरलं. "ज्यांनी केलं त्यांनीच लिहू दे ना, काका," ती म्हणाली.

उल्काताई मॅट्रिक झालेल्या होत्या. त्यानंतर त्यांचं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचण्यापलीकडे गेलं नव्हतं. त्या टोमॅटोचा एक कागद घेऊन देवघराच्या उंबऱ्याशी बसल्या, बरण्यांमधून जेवढा देव दिसत होता तेवढ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहायला लागल्या. वेळ लागला. श्रीपतराव हात पाठीमागे बांधून उभे होते. मधेच त्यांच्या तोंडून 'सब्जेक्ट...' एवढं निसटलं. गुणवंतीने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचा शब्द त्यांनी गिळला. उल्काताईंनी एक ओळ खोडली, दुसरी लिहिली, कागदाची घडी केली, आणि ती नवऱ्याकडे न देता सरळ हेतलच्या हातात दिली.

हेतलने वाचून ती साहेबांना दिली. साहेबांनी वाचली. उलटून पाठीमागे काही आहे का पाहिलं, नव्हतं. मग त्यांनी खाली सही केली. आधी थोड्या बरण्या न्यायच्या, कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासायच्या. एरवी तिथे आम्लं तपासतात, आणि कोकम म्हणजे त्यांच्याच जातीचं, असं उन्मेष धीर येऊन म्हणाला. पास झालं की दर आठवड्याला गाडी येईल, आणि उन्हाळाभर येत राहील. बरण्या खांबापर्यंत उचलून न्याव्या लागल्या. गुणवंतीने पहिली बरणी कडेवर घेतली आणि सासूच्या दारावरून, सावकाश, गरज नसताना लांबच्या वाटेने नेली.

जीप गेली. दाजीही गेले. देवघराच्या दाराशी वाट मोकळी झाली होती, आणि उल्काताई समोरासमोर बसून निरांजनाची वात सारखी करत होत्या. श्रीपतराव मागे येऊन उभे राहिले.

"काय लिहिलंस?"

"आम्ही कोकम करतो. तुम्हाला हवं असेल तर देऊ. खराब निघालं तर परत घेऊ."

"बस?"

"बस."

एवढ्याशा मजकुरात वाकायला किंवा दटावायला जागा कुठे होती ते श्रीपतरावांनी मनातल्या मनात शोधून पाहिलं.

"आणि खाली? अंडरसाइन्ड?"

"खाली माझं नाव."

त्यांनी शर्टाचं एक चुकलेलं बटण काढलं, पुन्हा त्याच चुकीच्या घरात घातलं.

"आडनाव घातलंस ना?"

"घातलं हो," उल्काताई म्हणाल्या. "त्याच्याशिवाय पोचलं असतं का?"